हलक्या धातूचे कवच

एकदा एका वृद्ध वस्तादांनी इंजिनाची शाबूत भोके ड्रिल लावून मोठी करायला घेतली, आणि ते पाहून त्यांचा शिष्य त्यांच्या हातावर झेपावला. एरवी हाच शिष्य त्यांच्यासमोर मान वर करून बोलत नसे. त्याने गुरूचा हात का धरला, आणि गुरूने चांगली वस्तू का पोखरली, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

घाटाच्या पायथ्याशी एक शहर आहे. तिथे ओतकामाच्या भट्ट्या आणि धातू कातणारे लेथ यांचा आवाज दिवसभर थांबत नाही. त्या आवाजात वस्तादांचे गॅरेज होते. जुन्या गाड्या घेऊन लांबलांबून माणसे त्यांच्याकडे येत. त्यांच्या हाताखाली दोन सख्खे भाऊ शिकले. थोरला निवास, धाकटा सर्जेराव. निवासचा हात शांत होता. सर्जेरावाचे म्हणजे आधी हात, मग विचार. शाळेत त्याचे मन लागले नाही. दादा जिथे जाई तिथे हा जाई, म्हणून दादाच्या मागोमाग गॅरेजातही आला.

श्रावणात निवास गेला. मोटारसायकलवरून घाट उतरताना मागचे चाक निसटले आणि तो कठड्यावर आदळला. पोलिसांनी पंचनामा केला, चाक निसटल्याचे लिहिले. चाकाचा नट मात्र सापडला नाही. तो आधी सैल होऊन पडला, की आदळल्यावर तुटून दरीत गेला, हे कोणालाच सांगता येईना. आदल्या संध्याकाळी गॅरेजात त्या चाकाचे पंक्चर काढून ते परत बसवले होते सर्जेरावाने. हे त्याला कोणी विचारले नाही, आणि त्याने कोणाला सांगितले नाही.

भाऊ गेलेल्या माणसाला हात रिकामे ठेवता येत नाहीत. सर्जेराव दिसेल ते आवळू लागला. गॅरेजातली प्रत्येक गाडी बाहेर पडण्याआधी तो सगळे नट पुन्हा आवळी, वस्तादांनी आवळलेलेसुद्धा. घरी कपाटाच्या बिजागऱ्या आवळल्या, कुकरच्या मुठी आवळल्या, लोखंडी पलंगाचे बोल्ट आवळले.

"सर्जा, नळ जरा हळू बंद कर रे," आई एकदा म्हणाली. "सकाळी माझ्याच्यानं सुटत न्हाई. शेजारणीला बोलवावं लागतं."

शेजारचा लेथवाला चहाला आला की चेष्टा करी. "गड्या, माझ्या कपाचा कान हलतोय बघ. तेवढा आवळून दे." सर्जेराव हसत नसे. मग हळूहळू लेथवाल्यानेही चेष्टा सोडली.

गॅरेजाच्या मागच्या खोलीत, टेबलावर, कापडाखाली एक इंजिन झाकून ठेवलेले होते. ते निवासने जोडलेले शेवटचे इंजिन. भूपालशेठ नावाच्या गुळाच्या व्यापाऱ्याच्या जुन्या गाडीचे. ती गाडी म्हणजे कासवासारखी गोल पाठ आणि इंजिन मागच्या बाजूला. त्या इंजिनाला पाणी लागत नाही, रेडिएटर नाही. ते वाऱ्यावरच थंड होते. अशा इंजिनाचे कवच, ज्याच्या पोटात बाकीचे सगळे भाग बसतात, ते लोखंडाचे नसते, आणि स्वयंपाकघरातल्या जर्मनच्या पातेल्यासारखे ॲल्युमिनियमचेही नसते. ते मॅग्नेशियमचे असते, त्यात थोडे ॲल्युमिनियम आणि चिमूटभर जस्त मिसळलेले. गाडीच्या मागच्या अंगावर ओझे पडू नये, एवढ्यासाठी हा हलका मिश्रधातू. पहिल्या दिवशी ते कवच निवासने एकट्याने काखेत मारून आत आणले होते आणि म्हणाला होता, "वस्ताद, हे तर वजनाला आईच्या परातीएवढंच हाय."

या मऊ कवचात पोलादाचे लांब स्टड, म्हणजे टोकांना पेचाचे आटे पाडलेल्या सळ्या, पेचाने रोवलेले असतात. त्यांच्या टोकांवर नट आवळले की इंजिनाचे वरचे भाग कवचाला धरून राहतात. पोलाद कडक, कवच मऊ. त्यामुळे जोर कमी पडला तर इंजिनातून तेल गळते, आणि जास्त झाला तर कवचातले आटेच उपटून येतात. वस्तादांनी या इंजिनांसाठी एक पाना मुद्दाम दांडा अर्धा कापून ठेवला होता. ते म्हणत, "माणसाला जोर कमी कर म्हणून सांगून कळत न्हाई. त्यापेक्षा पानाच आखूड बरा."

निवासने ते इंजिन त्या आखूड पान्याने जोडले होते. तो गेल्यावर वस्तादांनी त्यावर कापड टाकले आणि कोणी हात लावू नये असे सांगितले. भूपालशेठनीही तगादा लावला नाही.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी कारागीर आपली हत्यारे धुऊन पुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, आणि दसरा होईपर्यंत कशालाही हात लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या लोखंडाला तेवढी विश्रांती. वस्तादांनी पूजा केली, पेढे वाटले, आणि दुपारी सगळे घरी गेले. सर्जेरावाच्या घरी वर्ष सरायचे होते, सण नव्हता. तो एकटाच मागे राहिला.

तो मागच्या खोलीत गेला. इंजिनावरचे कापड काढले. नट एका ओळीत, चकचकीत. दादाने शेवटचे आवळलेले. ते पाहताना त्याच्या मनात तेच आले जे श्रावणापासून रोज येत होते. सैल असेल तर?

आखूड पाना वस्तादांच्या पेटीत बंद होता. सर्जेराव बाहेर आला आणि त्याने पूजेतला मोठा पाना उचलला. त्याच्यावरचे कुंकू त्याच्या तळव्याला लागले. एक नट थोडा फिरला. म्हणजे जागा होती. त्याने दुसरा फिरवला, तिसरा फिरवला. मग पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप घातला, म्हणजे जोर वाढतो. अजून एक पीळ. अजून अर्धा.

चौथा नट अचानक मऊ झाला. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना तो मऊपणा माहीत आहे. हाताला एकदम काहीच अडत नाही. सर्जेरावाने स्टड ओढून पाहिला. तो बाहेर आला, आणि त्याच्या पोलादी आट्यांत कवचाचा राखाडी कीस गुंडाळलेला होता.

त्याने स्टड होता तसा भोकात उभा केला, कापड टाकले, आणि पाना पूजेत परत ठेवला.

दसऱ्यानंतर गॅरेज उघडले त्याच दिवशी भूपालशेठ आले. दिवाळीच्या पाडव्याला गाडी बाहेर काढायची त्यांची इच्छा होती. वस्तादांनी कापड दूर केले.

"वस्ताद, हिची पूजा कुणी केली?" भूपालशेठ हसले. "आमच्या दुकानात तराजूला कुंकू लागतं. इंजिनाला लावलेलं पहिल्यांदा बघतोय."

चार नटांवर लाल बोटे उमटलेली होती. वस्तादांनी त्यातल्या शेवटच्या नटाला नुसते बोट लावले. नट स्टडसकट बोटाबरोबर फिरला.

"काय झालं?"

"आटे गेले."

"कुणी घालवले?"

"मी," सर्जेराव म्हणाला.

भूपालशेठ त्याच्याकडे बघत राहिले. मग टोपी काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "तुझा भाऊ गेलाय म्हणून तुला काही बोलत न्हाई मी. पण गाडी माझ्या वडलांची हाय बाबा. वस्ताद, पुण्यात एक जण ह्याचं नवं कवच देतो. सबंध ॲल्युमिनियमचं. जड हाय, पण दणकट. तेच बसवू. हे भंगारात जाऊ दे."

"भंगारात न्हाई जायचं," सर्जेराव म्हणाला. "दादानं जोडलंय हे."

"अरे पण फुटक्या भांड्यात..."

"शेठ," वस्ताद मध्ये बोलले, "पाडव्यापर्यंत थांबा. न्हाई जमलं तर पुण्याचं मागवा, मी स्वतः हे भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवीन. तोवर तो शब्द इथं नको."

भूपालशेठ टोपी घालून गेले. वस्तादांनी शिष्याला एक शब्दही विचारला नाही. सर्जेराव दिवसभर शिव्यांची वाट पाहत होता. त्या आल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन खोलायला सुरुवात झाली. निवासने जोडलेला एकेक भाग वस्ताद सावकाश सोडवत होते आणि सर्जेराव तो पुसून कापडावर मांडत होता. शेवटी उघडे कवच टेबलावर राहिले. वस्तादांनी शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवली. या धातूचा कीस कधी पेटला तर त्यावर पाणी घालायचे नसते. पाण्याने ती आग आणखी भडकते. मग त्यांनी हाताने फिरवायचा ड्रिल घेतला आणि आटे गेलेले भोक हळूहळू मोठे केले. त्यात आतून नवे आटे पाडले, आणि एक पोलादी बुश पेचाने बसवला. बुश म्हणजे आतून बाहेरून आटे असलेली नळी. स्टड आता कवचाला न धरता या नळीला धरणार, आणि नळीची बाहेरची पकड रुंद असल्याने कवचावरचा ताण पसरणार. इथपर्यंत सर्जेरावाला सगळे कळत होते.

मग वस्तादांनी ड्रिल उचलला आणि शेजारच्या भोकावर ठेवला. ते भोक शाबूत होते.

"वस्ताद, त्याला काही झालेलं न्हाई."

ड्रिल फिरला. रुपेरी कीस बाहेर आला. वस्तादांनी तो ब्रशने बाजूला केला, आणि पुढच्या भोकाकडे वळले. तेही शाबूत. त्यातले आटे दादाने स्वतः साफ करून, तेलाचे बोट फिरवून ठेवलेले सर्जेरावाने पाहिले होते.

तो झेपावला आणि त्याने वस्तादांचे मनगट धरले.

"मी एक बिघडवलं म्हणून तुम्ही सगळी बिघडवणार? दादाचं काही राहू देणार का न्हाई?"

बाहेर लेथ थांबला. शेजारच्याने कान दिला असावा. वस्तादांनी मनगट सोडवून घेतले नाही.

"हात सोड म्हणत न्हाई मी," ते म्हणाले. "धरून ठेव आन् ऐक. हा धातू तापला की पोलादापेक्षा जास्त फुगतो. इंजिन तापलं की कवच वाढतं, स्टड तेवढा वाढत न्हाई. मग तो आट्यांना ओढतो. गाडी निघाली की ओढ, थांबली की सुटका. शेठच्या वडलांपासनं हेच चाललंय. वरनं सगळी भोकं शाबूत दिसत्यात. आतनं प्रत्येक जण तेवढंच सोसून बसलाय. एक गेलं म्हंजे बाकीचीही वाटेवरच हायत."

"मग दादानं जोडताना का न्हाई बघितलं?"



"बघितलं. त्यानंच बघितलं. मला म्हणाला, वस्ताद, सगळ्या भोकांत बुश घालूया, हे धरायचं न्हाई. मी म्हटलं, चालतंय, ह्या दिवाळीपुरतं धरंल, वाढीव काम कशाला. तो पुढं बोलला न्हाई. तुझ्यासारखा असता तर माझा हात धरला असता त्यानं." त्यांनी ड्रिल टेबलावर ठेवला. "आज मी त्याचंच ऐकतोय, सर्जा. उशिरा ऐकतोय."

सर्जेरावाची पकड सुटली. तो स्टुलावर बसला. कवचाच्या कडेला पडलेला रुपेरी कीस तो बघत होता.

"म्हणजे मी पाइप लावला नसता, तरी गेलंच असतं?"

"कधीतरी गेलं असतं. पण परवा गेलं ते तुझ्या हातानं गेलं. दोन्ही खरं हाय."

मग सर्जेरावाने जे कोणाला सांगितले नव्हते ते सांगितले. खाली बघूनच सांगितले. "दादाचं चाक मी बसवलं होतं."

"ठाऊक हाय. तेव्हा गॅरेजात दुसरं होतं कोण?"

"नट आवळला होता का न्हाई, मला आठवत न्हाई. रोज वेगळं आठवतं. एका दिवशी हाताला पाना लागतो, शेवटचा पीळ पण लागतो. दुसऱ्या दिवशी नुसतं बोटानं फिरवलेलं आठवतं, आन् दादा हाक मारतो, चल जेवायला, आन् मी उठतो. तुम्ही सांगा वस्ताद. आवळला होता का?"

वस्तादांनी ड्रिल शिष्याच्या हातात दिला. "पुढचं भोक तू कर. सरळ धर. घाई झाली की मधे थांब, कीस झटक."

सर्जेरावाने उरलेली भोके केली. पहिल्यावर तो अनेकदा थांबला, कीस झटकला. नंतर कमी वेळा थांबावे लागले. बुश बसले, स्टड बसले, आणि मग आखूड पान्याने, आडव्यातिडव्या क्रमाने, त्याने इंजिन पुन्हा जोडले. वस्ताद शेजारी बसून राहिले.

पाडव्याच्या आधी एके दुपारी इंजिन गाडीत बसवून सुरू केले. पहिल्यांदा धुरकटले, खोकले, आणि मग त्याचा तो कोरडा, पत्र्यावर पाऊस वाजावा तसा आवाज सुरू झाला. भूपालशेठ समोर उभे होते. त्यांनी गाडीची एक लांब चक्कर मारली, घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत. परत आले तेव्हा डोळे पुसत होते आणि वारा लागला असे सांगत होते. कवचाखाली तेलाचा थेंब नव्हता.

"पुण्याला निरोप धाडायचा राहिलाच," ते म्हणाले, आणि घरच्यांना आणायला गेले.

गाडीचे मागचे झाकण उघडे होते. सर्जेराव काही क्षण उभा राहिला. मग त्याने आखूड पाना उचलला आणि तो वाकला.

"काय करतोस?"

"एकदा बघतो. सैल झालं असंल तर."

"पाना ठेव."

"नुसतं बघतो वस्ताद, आवळत न्हाई."

"ठेव म्हटलं ना." वस्ताद उठून जवळ आले आणि गाडीच्या कडेला टेकले. "आत्ता हे कवच फुगलेलं हाय, स्टड ताणलेले हायत. आत्ता पाना लावलास तर सैल नट पण घट्ट लागंल. ते बघून तू निवांत जाशील. उद्या थंड झाल्यावर तोच नट सैल लागंल, मग तू घाबरून जादा जोरानं आवळशील, आन् पुढच्या वेळी तापल्यावर कवच फाटंल. तापलेल्या इंजिनावर जे मोजशील ते खोटं. ह्यात इंजिनाचा दोष न्हाई आन् हाताचाही न्हाई. मोजायची वेळ ती न्हवे." ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवशी तू मला विचारलंस, नट आवळला होता का. श्रावणापासनं तू तेच करतोयस. रोज तापलेल्यावर पाना लावतोस. म्हणून रोज वेगळं लागतं."

"मग निवल्यावर कळंल?"

"ते मला ठाऊक न्हाई. कदाचित कधीच कळायचं न्हाई. नट दरीत गेलाय, तो काढून तुला कोण दाखवणार? मी खोटं सांगून तुझं समाधान करीन, ते चार दिवस टिकंल." वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात जड नव्हता. "पण निवल्यावर तू स्वतःला फाडणार न्हाईस. तेवढं नक्की सांगतो. दादा गेला, त्याच्या मागं तू पण फाटलास, तर तुझ्या आईनं काय करायचं?"

सर्जेरावाने पाना खाली ठेवला.

"किती वेळ लागतो निवायला?"

"त्याला वाऱ्यावर सोडलंय. पाण्यानं लवकर निवलं असतं, पण हे पाण्याचं न्हवंच. वारा लागंल तसं निवंल. बस इथं, उठायची घाई करू नको."

तो गाडीमागे जमिनीवर बसला. थंड होणारा धातू आक्रसताना बारीक आवाज करतो. टक्. मग बऱ्याच वेळाने पुन्हा टक्. सर्जेराव ते ऐकत होता. इतके दिवस तो रडला नव्हता. आता रडला, आवाज न करता, आणि वस्ताद दुसरीकडे बघत राहिले. समोरच्या भट्टीवर संध्याकाळची पाळी सुरू झाली. भूपालशेठ घरच्यांना घेऊन आले, त्यांनी दुरूनच हे पाहिले, आणि मुलांना हळू बोलायला सांगून बाहेरच्या बाकावर थांबवले.

कोणीतरी जवळचे गेले की मागे राहिलेला आधी स्वतःलाच पुन्हा पुन्हा तपासायला बसतो. त्याच्या जवळ जो कोणी असेल त्याने एवढेच करावे. त्याच्या हातातला पाना काढून घ्यावा, त्याला खोटे उत्तर देऊ नये, आणि तो निवेपर्यंत शेजारी बसावे.